जुन्नरचा बिबट्या आणि पिंजऱ्याची मागणी: एका वनविभागाचा प्रकरण अभ्यास

रात्री उसाला पाणी सोडून आलेला शेतकरी सकाळी बांधावर जातो, तेव्हा पाटाच्या कडेच्या ओल्या चिखलात त्याला ठसा दिसतो. पुढे चार बोटे, मागे तळव्याची कड तीन पाकळ्यांसारखी, आणि नखांची खूण कुठेच नाही. कुत्र्याच्या किंवा तरसाच्या ठशात नखे उमटतात. बिबट्या ती आत ओढून चालतो. हे ओळखायला जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही. त्यानंतर तो जे करतो ते मात्र गेल्या पंचवीस वर्षांत लागलेल्या सवयीतून करतो. तो वनरक्षकाला फोन लावतो आणि म्हणतो, "साहेब, आमच्या वस्तीवर वाघ आलाय, पिंजरा लावा." या भागात बिबट्यालाही बोलताना वाघच म्हणतात, त्यामुळे वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात गैर काही नाही. प्रस्तुत प्रकरण दुसऱ्या अर्ध्या भागाचे आहे. बिबट्या दिसणे ही माहिती आहे की तक्रार, आणि तक्रार मानली तर पिंजरा हे तिचे उत्तर आहे का, याची परीक्षा जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात, कोणी तशी ठरवलेली नसताना, फार मोठ्या प्रमाणावर झाली. तिचा निकालही हाती आला. तो निकाल माहीत असूनही आपण आज पुन्हा पिंजऱ्यापाशीच का उभे आहोत, हे समजून घेणे हा या लेखनाचा हेतू आहे.

भूभाग आणि ऊस

जुन्नर वनविभागात पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. पश्चिमेला सह्याद्रीची धार, माळशेज घाट आणि भीमाशंकरचे जंगल. तिथून पूर्वेकडे उतरत जाणारी कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी. आणि पार टोकाला शिरूरचा माळ. जुनी माणसे सांगतात की पूर्वी इथे बाजरी, हुलगा, मटकी आणि विहिरीच्या पाण्यावर थोडे बागायत असायचे. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे आली, कालवे पूर्वेकडे गेले आणि खोऱ्यांचा चेहरा बदलला. ज्या माळावर ससासुद्धा लांबून दिसत असे, तिथे माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस उभा राहिला.

उसाबद्दल एक गोष्ट शहरातल्या वाचकाच्या लक्षात येत नाही, म्हणून ती सांगणे आवश्यक आहे. ज्वारी-बाजरीचे पीक तीन-चार महिन्यांत निघते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तो पुढच्या वर्षीच्या गळीत हंगामापर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, शेतात उभा असतो. तुटल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो. एका शेतकऱ्याचा ऊस तुटला तरी शेजाऱ्याचा उभाच असतो. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा असतो आणि पिले आईबरोबर दीड-दोन वर्षे राहतात. या दोन हिशेबांची तुलना केली तर ऊस हे बिबट्याचे तात्पुरते लपण राहत नाही, त्याचे घर होते. गारवा आहे, पाटाला पाणी आहे, दिवसभर माणूस आत शिरत नाही. आज या पट्ट्यातल्या कित्येक बिबट्यांचा जन्म उसात झालेला आहे आणि त्यांच्या आयांचाही. "जंगल तुटले म्हणून बिबटे गावात आले" हे वर्तमानपत्रांतून हमखास येणारे वाक्य इथे फारसे लागू पडत नाही. इथे बिबट्यासाठी आडोसा कमी झाला नाही, तो वाढला.

भक्ष्याचेही तसेच. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सात पट असूनही त्यांचा वाटा जेमतेम ११ टक्के होता, कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रा उकिरड्यावर मोकळा असतो. बिबट्या वस्तीजवळ येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठी. कुत्रा येतो हॉटेलामागच्या आणि कोंबड्यांच्या दुकानामागच्या घाणीसाठी. म्हणजे वाट आपणच आखून दिलेली आहे.

२००१ ते २००३: पकडा आणि लांब सोडा

या वनविभागात माणसांवरचे हल्ले २००१ पूर्वीही होत होते. १९९३ ते २००१ या काळात त्यांची सरासरी वर्षाला चार होती. चार हल्ले म्हणजे काहीच नाही असे ज्याच्या घरावर ते आले नाहीत तोच म्हणू शकतो. पण हजारो चौरस किलोमीटरच्या दाट वस्तीच्या मुलखात बिबट्या आणि माणूस एकमेकांना चुकवत जगत होते, हेही त्या आकड्यातून दिसते. मग उसाबरोबर बिबटे दिसण्याचे प्रमाण वाढले, शेळ्या-वासरे जाण्याच्या तक्रारी वाढल्या, आणि वनविभागाने तेव्हा सर्वत्र रूढ असलेला मार्ग धरला. पिंजऱ्यात शेळी किंवा कुत्रा बांधायचा, बिबट्या पकडायचा आणि त्याला त्याच्या "हक्काच्या" जंगलात नेऊन सोडायचे. मारण्यापेक्षा हा मार्ग दयाळू होता. गावकरी खूश, प्राणिप्रेमी खूश, आणि कागदावर बिबट्याही सुखरूप.

या काळातील नोंदींचा अभ्यास अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या स्थलांतरांत २९ प्रौढ बिबटे होते, ११ नर आणि १८ माद्या. त्यांना पकडलेल्या जागेपासून सरासरी सुमारे ४० किलोमीटरवर, लगतच्या जंगलांत सोडले होते. स्थलांतर सुरू झाल्यावर हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारवरून सतरावर गेली. हल्ल्यांत माणूस मरण पावण्याचे प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर पोहोचले. वाढलेले हल्ले बिबटे जिथे सोडले होते त्या जागांच्या आसपास होते, ही त्यातली सर्वांत बोलकी बाब.

आकडा एकदा वाचून पुढे जाण्यासारखा नाही. प्रश्न सोडवण्यासाठी केलेल्या उपायानंतर प्रश्न चौपट झाला आणि अधिक जीवघेणा झाला. उपाय करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता आणि कष्टही कमी नव्हते. चूक गृहीतकात होती.

असे का झाले

पहिले कारण बिबट्याच्या स्वभावातले आहे. त्याला हद्द असते, आणि त्या हद्दीतला प्रत्येक ओढा, विहीर, गोठा, कुत्र्याची जागा आणि माणसाच्या येण्याजाण्याची वेळ त्याला ठाऊक असते. माणसाला टाळायचे तर माणूस कधी कुठे असतो हे माहीत असावे लागते. या बिबट्याला बेशुद्ध करून, रात्रभर ट्रकमध्ये हिंदकळवून अनोळखी डोंगरात सोडले, की त्याचे हे सगळे ज्ञान निकामी होते. सोडलेल्या जंगलात आधीपासून दुसरे बिबटे असतात, ते त्याला टिकू देत नाहीत. मग तो चालू लागतो. बहुतेक वेळा घराच्या दिशेने, आणि ती वाट अनोळखी गावांमधून जाते. या चालण्यात त्याची माणसाशी गाठ पडते ती दोघांनाही अपेक्षा नसलेल्या ठिकाणी.

दुसरे कारण पिंजऱ्यातले. लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या गजांना चावतो, पंजे मारतो. सुळे तुटतात, नखे उखडतात, कपाळ सोलवटते. भोवती बघ्यांची गर्दी, मोबाइलचे झोत, काठ्या. सुटल्यावर असा प्राणी शिकारीला अधू झालेला असतो, आणि माणसाच्या इतक्या जवळ राहून त्याची माणसाविषयीची भीतीही चेपलेली असू शकते. संशोधकांनी प्रवासाचा ताण, अनोळखी मुलूख आणि बंदिवासात बोथट झालेली भीती ही संभाव्य कारणे म्हणून मांडली आहेत. प्रत्येकाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही.

तिसरे कारण मागे राहिलेल्या रिकाम्या जागेचे आहे, आणि गावकऱ्यांना पटवायला तेच सर्वांत कठीण जाते. जाणता नर उचलला की त्याची हद्द मोकळी पडते. ऊस तसाच आहे, कुत्री तशीच आहेत, म्हणून काही आठवड्यांत तिथे दुसरा येतो. बरेचदा तरुण, आईपासून नुकताच सुटलेला, माणसांच्या वेळापत्रकात अजून न मुरलेला. गावाच्या दृष्टीने "एक पकडला तरी दुसरा आलाच", आणि त्यावरून निष्कर्ष निघतो की बिबटे फार झाले, आणखी पिंजरे लावा.

चौथी गोष्ट कारण म्हणून कमी आणि व्यवस्थेतली फट म्हणून अधिक महत्त्वाची आहे. पिंजऱ्यात बांधलेली शेळी गुन्हेगार ओळखत नाही. हल्ला झाल्यावर परिसरात दहा-पंधरा पिंजरे लावले की त्यात वाटेने जाणारे तीन-चार बिबटे सापडतात, आणि त्यांपैकी हल्ला करणारा असतोच असे नाही. ज्यांनी माणसाला कधी बोट लावले नाही, जे केवळ दिसले एवढाच ज्यांचा अपराध, असे बिबटेही या फेऱ्यात पकडले गेले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि कलम ११ नुसार तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला पकडण्याची परवानगी देऊ शकतात. दिसणे म्हणजे धोकादायक होणे, असे कायदा कुठेही म्हणत नाही. तो अर्थ गावातल्या दबावाने घातला.

वनरक्षकाच्या जागी उभे राहून

इथे वनविभागाला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्या गावात मूल गेले आहे त्या गावात पंचनाम्याला जाणाऱ्या वनरक्षकाची कल्पना करावी. अंगणात बायांचा आक्रोश चालू आहे, रस्त्यावर टायर पेटले आहेत, सरपंचांचा, आमदारांचा आणि वरिष्ठांचा फोन एकाच वेळी वाजतो आहे. त्याच्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, पंधरा-वीस गावे आणि हाताखाली एखादा मजूर. अशा वेळी "बिबट्याला हलवल्याने हल्ले वाढतात, असे संशोधन सांगते" हे वाक्य उच्चारण्याची हिंमत किती जणांत असेल? पिंजरा आणून ठेवला की लोक घरी जातात. रिकामा पिंजराही गावाला काही रात्रींची झोप देतो, आणि हा त्याचा खरा उपयोग आहे. फक्त तो उपयोग गावाचा आहे, बिबट्याच्या प्रश्नाचा नाही. हे दोन्ही वेगळे धरले असते तर २००१ नंतरची वर्षे कदाचित वेगळी गेली असती.

धोरण बदलले ते हळूहळू. अत्रेय आणि पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांनी पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवण्यास सुरुवात केली, त्यामुळे पकडलेला प्राणी नवा की पूर्वी कुठे सोडलेला, हे कळू लागले. माणिकडोह धरणाजवळ वनविभागाचे बिबट निवारा केंद्र उभे राहिले, आणि तिथे २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनविभागाबरोबर उपचार आणि सुटकेचे काम करू लागली. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि केवळ दिसला म्हणून बिबट्याला पकडून दूर सोडण्याच्या प्रथेला त्यांत विरोध केला. म्हणजे जुन्नरच्या अनुभवाला दहा वर्षांनी कागदावर मान्यता मिळाली.

डोंगरापलीकडचे अकोले

जुन्नरच्या उत्तरेला हरिश्चंद्रगड ओलांडला की अकोले तालुका लागतो. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. प्रवरेच्या खोऱ्यात तिथेही ऊस आहे, वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर आहे आणि अभयारण्याबाहेरच्या शेतीच्या पट्ट्यातच स्वयंचलित कॅमेरे लावून बिबट्यांची गणना झाली. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून एकेक प्राणी ओळखता येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ प्रौढ बिबटे (४.८) आणि तितकेच तरस तिथे राहत होते, आणि अभ्यासाच्या काळात बिबट्याने माणूस मारल्याची घटना नव्हती. तालुक्यातल्या बहुसंख्य माणसांना आपल्या शेजारी इतके बिबटे आहेत याचा पत्ताही नव्हता. ज्यांना पत्ता होता त्यांना त्यात नवल वाटत नव्हते. महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतो, वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावून नैवेद्य दाखवतो. वाघ शेजारी असणार हे तिथे गृहीत आहे. श्रद्धेने हल्ले थांबतात असे मी म्हणत नाही. पण शेजाऱ्याचे अस्तित्व मान्य केलेला समाज त्याच्या वेळा पाळतो आणि त्याला पाहिल्याबरोबर शंभर जणांचा जमाव घेऊन उसाला वेढा घालत नाही, हा फरक लहान नाही.

बिबट्या अंतराला किती जुमानतो, याचे उत्तर एका प्राण्याने स्वतःच दिले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक प्रौढ नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. वयामुळे संशोधकांनी त्याला आजोबा म्हटले. सुमारे महिनाभरात तो डोंगर, महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि खाडी ओलांडत जवळजवळ १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत तो अनेकदा घरांच्या अगदी जवळून गेला आणि कोणावरही हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस महामार्ग ओलांडताना वाहनाच्या धडकेने तो मेला. बिबट्याला चाळीस किलोमीटरवर नेऊन सोडणे म्हणजे काय, हे त्याच्या नकाशावरून समजते: त्याच्या लेखी ते आठ-दहा रात्रींचे चालणे आहे. आणि इतके चालूनही तो कोणाला दिसला नाही, हे तर त्याहून महत्त्वाचे आहे.

उसतोडीच्या फडात

ऑक्टोबरच्या शेवटी गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि बाकीच्या मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. फड तोडत आत सरकताना मध्येच कोणाच्या तरी कोयत्याखाली पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिले हालतात. डोळे कधी उघडलेले, कधी अजून मिटलेलेच. पूर्वी अशी पिले उचलून वनखात्याच्या कार्यालयात आणली जात, तिथून प्राणिसंग्रहालयात. आणि मागे राहिलेली मादी रात्रभर त्या मोकळ्या रानात पिले शोधत, ओरडत फिरे, तीच मादी वस्तीजवळ "दिसली" म्हणून मग तिच्यासाठी पिंजरा लागे.

आता बहुतेक ठिकाणी वेगळे होते. तोड थांबवतात. पशुवैद्यक पिलांचे अंग पाहतात, गोचीड काढतात, वजन करतात, नर-मादी नोंदवतात. संध्याकाळी पिले जिथे सापडली तिथेच, पाचटाच्या कडेला, भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवतात, वरून हलके झाकण किंवा पोते, आणि समोर झाडाला कॅमेरा. माणसे लांब जाऊन गाडीत बसतात. अंधार दाटला की मादी येते. आधी लांबून फेरी मारते, क्रेटभोवती वास घेते, पंजाने तो कलंडवते आणि एक पिलू मानगुटीला धरून उसात नेते. दुसऱ्यासाठी परत येते. कधी ती पहिल्या रात्री येत नाही आणि सगळा खटाटोप दुसऱ्या रात्री पुन्हा करावा लागतो. ज्या टोळीने हे एकदा पाहिले, ती पुढच्या फडात पिलू सापडल्यावर हात लावण्याआधी मुकादमाला फोन करायला लावते. या सगळ्या प्रकरणात शिकलेली गोष्ट प्रत्यक्ष कामात उतरली, असे निःशंक म्हणता येईल ती एवढी एकच जागा मला दिसते.

विहिरींचे तसे झाले नाही. या पट्ट्यात कठडा नसलेल्या विहिरी शेकड्यांनी आहेत. कुत्र्यामागे धावताना बिबट्या आत पडतो, रात्रभर पोहतो, सकाळी शेतकरी दोराला बाज बांधून खाली सोडतो आणि तो बिचारा त्यावर चढून दात विचकत बसतो. नंतर पिंजरा उतरवून त्याला वर काढतात. दर वेळी बातमी येते, फोटो येतात. विहिरीला कठडा बांधल्याची बातमी क्वचितच.

२०२५: पिंपरखेड

इथपर्यंतची मांडणी वाचून कोणालाही वाटेल की शास्त्र कळले, धोरण बदलले, आता केवळ प्रबोधन उरले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरने हा समज खोटा ठरवला. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबूत या शेजारच्या गावांत सुमारे तीन आठवड्यांत एक लहान मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि एक शाळकरी मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेले. लोकांनी वनविभागाचे वाहन आणि स्थानिक कार्यालय पेटवले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेवटी नेमबाज आणून एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांत पिंपरखेडच्या बाया शेतात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे बांधून जात होत्या. असे पट्टे मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना बांधतात, कारण बिबट्या मानेवर झडप घालतो. माणसाने कुत्र्याचा पट्टा गळ्यात बांधावा, ही पाळी ज्या गावावर आली त्या गावाला सहजीवनाचे धडे देताना जीभ अडखळायला हवी.

अशा वेळी माणसावर वारंवार हल्ला करणारा ठरावीक बिबट्या काढावाच लागतो, यावर मला शंका नाही, आणि २०११ ची तत्त्वेही त्याच्या आड येत नाहीत. वाद आहे तो त्यानंतर लावलेल्या शेकडो पिंजऱ्यांचा. पकडलेले बिबटे ठेवायचे कुठे? माणिकडोहची जागा मर्यादित आहे. परराज्यातल्या संग्रहालयांत पाठवण्याच्या, माद्यांच्या निर्बीजीकरणाच्या योजना पुढे येत आहेत. निर्बीजीकरणाची कल्पना ऐकायला नेटकी आहे, पण उसात लपलेल्या प्राण्याला पकडून, शस्त्रक्रिया करून, पुन्हा त्याच गावाच्या हद्दीत सोडायचे म्हटले तर ते गाव सोडू देईल का, हा प्रश्न पहिल्याच पिंजऱ्यापाशी उभा राहील. आणि सोडले नाही तर ती केवळ पकडण्याचीच दुसरी तऱ्हा झाली.

हल्ल्यांत कोण जाते, हे पाहिले तर मात्र उपाय वेगळ्या दिशेला दिसतात. बळी पडणाऱ्यांत लहान मुले आणि वाकून काम करणारी, बसलेली माणसे अधिक असतात. ओणवा माणूस बिबट्याच्या नजरेत माणसाच्या उंचीचा राहत नाही. त्यातही उघड्यावर वाडा टाकणाऱ्या धनगरांची मुले, उसाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या तोडणी मजुरांची मुले, आणि ज्यांच्या घराला शौचालय नाही किंवा अंगणाला दिवा नाही अशी कुटुंबे. ऊस दारापासून वीस पावलांवर, मध्ये आडोसा नाही, ओट्याखाली कुत्रा झोपलेला आणि ओट्यावर मूल. मृताच्या वारसांना सरकार २५ लाख रुपये देते. त्यांतल्या अगदी थोड्या भागात या घराला जाळीचा पडवीदरवाजा, दोन दिवे आणि बंदिस्त गोठा झाला असता. घराभोवतीची दहा-पंधरा फूट जागा मोकळी ठेवा, एवढे सांगणे सोपे आहे, पण एक एकराच्या मालकाला त्या पट्ट्यातल्या उसाचे टन मोजून द्यावे लागतात, हे सांगणाऱ्याने विसरू नये.

आणि विजेचे काय? शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत लाईट अकरा-बाराला येते, पहाटे जाते. त्या वेळेत उसात शिरून दारे मोडायची, म्हणजे एका पाटाचे पाणी दुसरीकडे वळवायचे, हे काम वाकूनच करावे लागते, एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात बॅटरी. बिबट्याची फिरण्याची वेळ तीच, जागा तीच. दिवसा वीज द्या ही मागणी या चारही तालुक्यांत प्रत्येक हल्ल्यानंतर होते आणि प्रत्येक वेळी तिच्यावर आश्वासन मिळते. तिच्यासाठी ना परवाना लागतो मुख्य वन्यजीव रक्षकांचा, ना भूल देणारी बंदूक. शेतीसाठी सौरऊर्जेच्या वीजवाहिन्या आल्या तिथे ती काही प्रमाणात पूर्णही झाली आहे. उरलेल्या ठिकाणी आज रात्रीची पाळी असेल तर घरातला कोणीतरी जेवून अंगणात बसलेला असेल, बॅटरी चार्ज होईपर्यंत पंपाच्या पेटीवरचा लाल दिवा लागण्याची वाट पाहत, आणि समोरच्या उसात कुत्रे कुठल्या बाजूला भुंकत आहेत याकडे कान लावून.